मायझाडातला धागा

दुर्गामावशीच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे. लहानपणी कलमाच्या चाकूनं कापलं, ते आजतागायत सरळ वाढलं नाही. नांदगाव खंडेश्वरच्या अवतीभवती संत्र्याची कलमं बांधणारे पुरुष पुष्कळ आहेत, पण बाईमाणूस माझ्या माहितीत ही एकच. माझ्या आजोबांना, म्हणजे खुशालरावांना, दोन्ही मुलीच. थोरलीच्या हाती त्यांनी चाकू दिला आणि धाकटीला शाळेत घातलं. ती धाकटी माझी आई. म्हणून मावशीचा मुलगा किशोर आज बागायतदार आहे आणि मी अमरावतीत, राजापेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर ‘नीट’ची तयारी करणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. दोघांपैकी कोणाचं बरं झालं हे मला परीक्षेच्या दिवसांत तरी विचारू नका.

कलम बांधताना मावशी सतत बोलत असते, आणि बहुतेक वेळा कोणाची तरी टर उडवत असते. हात मात्र आपलं काम करत असतात. जंबेरी या रानलिंबाच्या रोपाच्या सालीला एक चीर द्यायची. मग डोळकाडीवरून, म्हणजे चांगल्या झाडाच्या बेताच्या फांदीवरून, एक डोळा उचलायचा. डोळा म्हणजे पानाच्या बगलेतली तिळाएवढी कळी. ती सालीच्या आत सरकवली, वरून पट्टी गुंडाळली की काम झालं. पुढं मुळं जंबेरीची आणि वर फळं त्या चांगल्या झाडाची. मावशीनं बांधलेलं कलम सहसा मरत नाही, आणि मेलंच तर ती रोपवाल्याला चार शब्द सुनावते.

हे डोळे ज्या झाडाचे, त्याला घरात मायझाड म्हणतात. विहिरीच्या अंगाला आहे, खुशालरावांच्या हातचं. साल पातळ, बिया कमी, आणि फोड तोंडात टाकली की बडबड्या माणूसही गप्प होतो. मी गोडाचा शौकीन नाही, तरी सांगतो, तशी चव मी दुसरीकडे चाखलेली नाही. त्याच्या काड्या विकायच्या नाहीत असा घरचा नेम. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला आमचा सगळा गोतावळा वर्धेच्या काठी जमतो, तेव्हा मावशी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या पिशवीतून काढते आणि मागेल त्याला देते. नाही म्हणणं तिला येत नाही. आमच्या नात्यातल्या अर्ध्या बागा त्या एका झाडाच्या आहेत.

मावशीची रूपाली अकोल्याच्या पलीकडे, बाळापूरच्या बाजूला दिली. तिचे सासरे जानराव. मनानं सरळ माणूस, पण तोंडाला कुलूप नाही. लग्नानंतर लवकरच, मार्च महिन्यात, मावशी लेकीच्या अंगणात एक कलम बांधून द्यावं म्हणून काड्या घेऊन गेली. मुक्काम एका रात्रीचा ठरला होता. तेवढ्यात करोना आला, टाळेबंदी लागली, एसटी बंद झाल्या आणि मावशी ईवायाच्या, म्हणजे व्याह्यांच्या, घरी अडकली.

आता मावशी जुन्या वळणाची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हे तिच्या आईनं पाळलेलं, तिनंही पाळायचं ठरवलेलं. आणि इथं तर दोन वेळा ईवायाच्या पंगतीला बसायची पाळी. घास घशाखाली उतरेना. शेवटी तिनं स्वतःशीच तडजोड केली: खायचं, पण फुकटचं नाही. कामात फेडायचं. रूपालीनं हात जोडले, जानरावांनी टोमणे मारले, पण मावशी सकाळी उठून वावरात जायला लागली.

जानरावांनी नुकतीच कागदी लिंबाची बाग लावली होती. बियांपासून वाढवलेली कोवळी रोपं. खालच्या कोपऱ्यात पाणी साचायचं, तिथल्या दोन ओळी पिवळ्या पडल्या होत्या. जानरावांनी त्या मनातून सोडूनच दिल्या होत्या. मावशीच्या पिशवीतल्या काड्या सुकायला लागल्या होत्या आणि मायझाडाची काडी वाया घालवणं तिला जमत नाही. तिनं त्या दोन ओळींतल्या प्रत्येक रोपाच्या सालीत मायझाडाचा एकेक डोळा बसवला. फुटू द्यायचा नाही, नुसता आत ठेवायचा. मायझाडाचा रस अंगात भिनला की दुबळं रोप बळ धरतं, असा तिचा पक्का समज होता. तो कुठून आला, देव जाणे.

जानराव धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून पाहत होते. “ईहीनबाई, लिंबाले संत्रा लावून राहिल्या का तुमी?”

“संत्रा नाई जी. टॉनिक देऊन राहिली.”

“तुमचं जेवन लय महागात पडून राहिलं मले,” जानराव म्हणाले, आणि घरभर हसू झालं.

पुढं त्यांनी कोपऱ्यातून नाली काढली, पाणी वाहून गेलं, पिवळी रोपं हिरवी झाली. वाढीला मात्र जराशी मागे राहिली. टाळेबंदी उठली, मावशी घरी आली. तिच्या मनानं ताटाची परतफेड झाली होती आणि हा विषय संपला होता.

तो संपला नव्हता हे चौथ्या-पाचव्या वर्षी कळलं. जानरावांची बाग फळावर आली आणि तिथूनच बसायला लागली. पानं बारीक झाली, फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या, लिंबं गोट्यांएवढी राहिली. जानरावांनी एका झाडाची साल सोलून पाहिली, तर आतल्या लाकडावर टोचल्यासारखे लांबट खड्डे. कोणी जाणकार येऊन पाहून गेला. म्हणाला, हा विषाणू आहे. रोगट झाडाच्या काडीतून येतो, आणि कपाशीच्या पऱ्हाटीवरचा मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. जानरावांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. कारण त्यांच्या वावरात बाहेरची काडी आणणारं माणूस एकच होतं.

त्यांनी फोन केला. “ईहीनबाई, तुमच्या झाडानं माही बाग खाल्ली. ते झाड तोडा, नाई तं आनखी दहा जनाच्या बागा खाईन.”

मागून रूपालीच्या रडण्याचा आवाज येत होता, असं मावशीनं मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या क्लासच्या दारात उभी. योगायोग म्हणा, मी विषाणूचाच धडा घेत होतो. खाली दुचाक्यांचे हॉर्न, वर पंख्याची घरघर, आणि मी फळ्यावर विषाणूंचे सात वर्ग लिहून पोरांना बजावत होतो की पाठ करा, पाठ करा. मावशी शेवटच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी पुढं सांगत होतो: प्रथिनाचं कवच, आत एक लांब रेणू, त्यावर कोरलेला हुकूम; पेशीबाहेर सगळं निपचित, पेशीत शिरलं की सुरू. एका पोरीनं विचारलं, “सर, यावर किती मार्काचं येते?” मी उत्तर दिलं. पोरं गेली. मावशी बसूनच होती.

“मास्तर, ते मेलेलं हाये का जितं, एक काहीतरी पक्कं सांग.”

“पेशीच्या बाहेर मेलेलं, आत गेलं की जितं.”

“असं कधी असते का?”

“असते मावशी. आता ते कसं, हे मलेही कोनी नीट सांगतलं नाई.”

तिनं फळ्याकडे बोट केलं. “माह्या झाडात असन का ते?”

“तपासा लागंल.”

“तपास. असलं तं मीच तोडीन. दुसऱ्याचा हात त्याले लागू नाई देनार.”

ती हे रडत बोलली असती तर मी समजूत घातली असती. ती अगदी कोरडेपणानं बोलली, आणि मला भीती वाटली.

अकोल्याला एका प्रयोगशाळेत डॉ. नीलम लिंबू-संत्र्याच्या विषाणूंवर काम करते. कॉलेजात ती माझ्या दोन वर्षं मागे होती. तेव्हाही भराभरा बोलायची, आताही तसंच. तिनं आम्हाला जाळीघरात नेलं. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे एकही मावा आत शिरत नाही. आत कुंड्यांमध्ये कागदी लिंबाची रोपं. नीलमनं आम्ही नेलेली मायझाडाची काडी हातात घेतली, एक डोळा उचलला आणि लिंबाच्या रोपाच्या सालीत बसवला.

मावशी पुढं झाली. “अवं, हे तं मीच केलं होतं! जानरावजीच्या वावरात!”

“काय केलं होतं?”

मावशीनं टाळेबंदीची सगळी गोष्ट सांगितली. नीलम हसली, मग हसता हसता थांबली. “मावशी, आम्ही हे तपासणीसाठी करतो. संत्र्याचं झाड विषाणू पोटात ठेवून मजेत राहतं, कळू देत नाही. कागदी लिंबाला ते जमत नाही, त्याच्या पानावर लगेच दिसतं. ती तुमची दोन ओळींतली झाडं मला एकदा पाहायची आहेत.” पण तेव्हा तिची कामं तुंबली होती आणि जानराव फोन घेत नव्हते. ते राहून गेलं.

दोन-अडीच महिन्यांनी तिनं बोलावलं. रोपाला नवी पालवी आली होती. तिनं एक कोवळं पान तोडून उन्हाकडे धरलं आणि मावशीच्या डोळ्यांसमोर नेलं. हिरव्या शिरांमध्ये जागोजागी बारीक, काचेसारखे पारदर्शक तुकडे दिसत होते, फार पुसट. मावशीनं पान स्वतःच्या हातात घेतलं. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही.

मग नीलमनं लॅपटॉपवर चित्र दाखवलं. मायझाडाच्या सालीतला नमुना तिनं बाहेरगावी, इलेक्ट्रॉनच्या झोतानं पाहणाऱ्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाकडे पाठवला होता. करड्या रंगावर वाकडेतिकडे, लांबच लांब धागे पसरलेले. असा एक धागा म्हणजे एक अख्खा विषाणू. असे पाचशे एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल, आणि जाडी इतकी कमी की माणसाच्या एका केसाच्या रुंदीत ते हजारोंनी मावतील. माझ्या फळ्यावरचा विषाणू मी नेहमी काटेरी चेंडूसारखा काढतो, कारण तो काढायला सोपा. हा तसा नव्हताच. एकाच घडणीच्या प्रथिनाच्या विटा एकावर एक फिरत गेलेल्या, त्यांची ही लवचीक नळी, आणि फक्त एका टोकाशी थोड्याशा विटा वेगळ्या घडणीच्या. तेवढंच. दुसरं काही नाही.

“याचं तोंड कुठं हाये?” मावशीनं विचारलं.

“नाही मावशी.”

“पोट?”

“तेही नाही.”

“मंग हे खाते कसं? वाढते कसं?”

“खात नाही, वाढतही नाही. आत एक लांब साखळी आहे, चार प्रकारच्या मण्यांची. त्यांना आम्ही अक्षरं म्हणतो. या धाग्यात ती एकोणीस हजारांच्या वर आहेत. झाडाच्या पेशीत शिरलं की कवच गळून पडतं आणि ती अक्षरं उघडी होतात. पेशीला वाटतं हा आपल्याच घरचा हुकूम आहे. ती तो वाचते आणि त्याप्रमाणे कामाला लागते. आधी नक्कल करणारं यंत्र घडवते, मग त्या अक्षरांच्या नकला काढते, मग विटा घडवते. विटा आपोआप नकलांभोवती बसतात. झाले नवे धागे तयार. सगळं सामान झाडाचं, सगळी मेहनत झाडाची.”

“अन हे सगळं ह्या झाडात कवापासून चालू हाये?”

“बहुतेक तुमच्या वडिलांच्या वेळेपासून. तुम्ही काडी तोडली की तेही काडीबरोबर निघतं.”

मावशी चित्राकडे इतका वेळ पाहत राहिली की स्क्रीन काळी झाली. नीलमनं बोट लावून ती पुन्हा उजळवली. मी मध्येच शहाणपणा केला, म्हणालो हा त्या सातांपैकी चौथ्या वर्गातला, ज्याची अक्षरं पेशी थेट वाचू शकते तो. करोनाही याच वर्गातला.

“म्हंजे करोनाचा भाऊबंद?”

“लांबचा,” नीलम म्हणाली. “शिरायची रीत एकच, घराणं वेगळं. या घराण्यात सगळे असे लांब धागेच.”

खरं सांगतो, मला त्या खुर्चीत बसून लाज नाही वाटली, आनंद वाटला. ज्या धड्याचे मी मार्क मोजत होतो तो माझ्या आजोबांच्या विहिरीजवळ इतकी वर्षं उभा होता. झाडाला पाणी घालताना आम्ही त्यालाही घालत होतो. तोंड नाही, पोट नाही, इच्छा नाही, आणि तरी आमच्या जत्रेत तो आमच्याबरोबर फिरत होता.

मावशीनं शेवटी विचारलं, “झाड तोडू का?”

नीलम सावध बोलली. “ते मी नाही सांगणार. मी एवढंच सांगते, त्याची काडी आता कोणाला देऊ नका.”

“झाड उभं राहीन तं लोक मागतीन. अन मागितली तं मले नाई म्हनता येत नाई,” मावशी म्हणाली. परतीच्या वाटेवर ती एवढंच आणखी बोलली की आधी मायझाड, बाकीची बाग मग पाहू. किशोरला आरी धार लावून आणायला सांगितली. किशोरनं विरोध केला, मी केला, काही उपयोग झाला नाही. जत्रा पंधरवड्यावर आली होती आणि तिला त्याआधी उरकायचं होतं.

ज्या दिवशी तिनं तोडायला घेतलं त्याच दिवशी नीलमला जानरावांच्या गावाकडे काम निघालं. मी क्लासला सुट्टी देऊन तिच्या गाडीत बसलो. जानरावांनी चहा दिला, पण माझ्याशी बोलले नाहीत. बाग पाहून वाईट वाटलं. ओळीमागून ओळ वाळकी, काटक्या वर आलेल्या.

“मावशीनं डोळे बांधलेल्या ओळी कुठल्या?” नीलमनं विचारलं.

“त्या? त्या कोपऱ्यातल्या रोगट. त्यायच्यात काय पाहाचं?” म्हणत जानराव पुढं निघाले, कोपऱ्याशी आले आणि उभेच राहिले. मीही उभा राहिलो.

दोन्ही ओळी हिरव्या होत्या. झाडं बुटकी होती, पण पान न् पान भरलेलं आणि आतून लिंबं लगडलेली. आधीपासून दुबळी म्हणून सोडलेल्या झाडांकडे वर्षभरात कोणी पाहायला गेलंच नव्हतं. गडी तोडायला यायचे ते वरच्या अंगानं. नीलमनं एक पान उन्हाकडे धरलं, दुसरं धरलं, मग खाली बसून एका फांदीची साल सोलली. लाकूड गुळगुळीत. पानात मात्र तेच पुसट तुकडे, जाळीघरात दिसले तसे. ती तिथंच काळ्या मातीत मांडी घालून बसली.

“मावशीला फोन कर,” ती एकदम म्हणाली. “म्हणावं थांबा.”

मावशीचा फोन घरात वाजत राहिला. मी किशोरला लावला. “माय वर चढली हाये,” तो म्हणाला. “दोन मोठ्या फांद्या पाडल्या तिनं. मले खाली उभं केलं, हात लावू देत नाई.”

“उतरव तिले!”

“माहं ऐकते का ती?”

जानरावांनी माझ्या हातून फोन घेतला. त्यांना अजून काहीही कळलं नव्हतं, फक्त डोळ्यांसमोर त्या दोन ओळी होत्या. ते फोनमध्ये ओरडले, “किशोर, फोन झाडाखाली धर. ईहीनबाई! मी जानराव बोलून राहिलो. आरी खाली टाका. तुमचं टॉनिक लागलं जी, तुमचं टॉनिक लागलं!”

पलीकडून फांद्यांची सळसळ आली. मग काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला आणि माझा जीव गेला. ती आरी होती.

पुढचं नीलमनं प्रयोगशाळेत तपासून सांगितलं. तिनं मायझाडातल्या, दोन ओळींतल्या आणि वाळलेल्या झाडांतल्या विषाणूंची अक्षरं वाचून घेतली. मायझाड आणि दोन ओळी यांची जुळली. वाळलेल्या झाडांत होता तो वेगळा, मावशीनं आणलेला नाहीच. तो कुठल्या तरी दुसऱ्या बागेतून माव्याच्या सोंडेवर आला होता आणि स्वभावानं जहाल होता. मायझाडातला सौम्य. दोघं इतके जवळचे की सख्खे भाऊच म्हणावेत.

“आणि गंमत अशी,” नीलम मला आणि मावशीला समोर बसवून म्हणाली, “हा धागा एका पेशीत शिरून बसला की त्याच वाणाच्या दुसऱ्याला आत येऊ देत नाही. दूरच्या वाणाचा आला तर चालतो, पण सख्ख्याला दार बंद. तुमच्या सौम्यानं त्या दोन ओळींत आधीच घर केलं होतं. जहाल आला तेव्हा त्याला जागाच मिळाली नाही.”

“ही तं आपली वऱ्हाडातली भाऊबंदकी झाली,” मावशी म्हणाली. “चुलत चालते, सख्खा धुऱ्यावर नको.” आणि कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा हसली.

म्हणजे मायझाडाच्या रसात बळ वगैरे काही नव्हतं. मावशीचा समज साफ चुकीचा होता. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही म्हणून तिनं एक विषाणू दोन ओळींना दिला आणि त्यानं त्या दोन ओळी राखल्या. जानरावांची बाकीची बाग गेली ती गेलीच. पण ते स्वतः रूपालीला घेऊन नांदगावला आले, मायझाडाच्या कापलेल्या फांद्यांपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “नवी बाग लावतो. सगळ्या रोपांत तुमचा डोळा बसवून द्या.”

यावर नीलमनं त्यांना आणि आम्हा सगळ्यांनाच झापलं. आज सौम्य आहे, नकला करताना अक्षरं चुकतात, उद्या कसा होईल सांगता येत नाही. दुसऱ्या भागात दुसराच जहाल असेल तर याचा उपयोग शून्य. आधी जाळीघरात, काही वर्षं, नीट पाहायचं. तोवर मायझाडाची काडी फक्त प्रयोगशाळेत जाईल, जत्रेत नाही. झाडाभोवती बारीक जाळी लावायची. आणि झाड मात्र जगलंच पाहिजे, कारण हा सौम्य धागा मूळचा तिथला आहे.

मावशीनं या वर्षी कौंडण्यपुरात पाच-सहा जणांना नाही म्हटलं. तिला ते फार जड गेलं. एकानं तोंड फिरवलं.

जाळीघरातले पहिले डोळे मावशीच्या हातानं बांधायचे असं नीलमनं ठरवलं, आणि मी पुन्हा एकदा क्लासला सुट्टी दिली. मायझाडाच्या उरलेल्या अंगावरच्या काड्या होत्या. समोर लिंबाची कोवळी रोपं. मावशीनं चाकू पुसला, पहिल्या काडीवरून एक डोळा उचलला आणि थांबली. इतक्या वर्षांत तिला अशी थांबताना मी पाहिलं नव्हतं. पूर्वी तिच्या बोटांत एक कळी असायची. आता तिला माहीत होतं की कळीबरोबर आणखी कोण निघालं आहे.

“मास्तर,” ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बाप जाताना मले म्हने, दुर्गे, याची गोडी सांभाळजो. मी गोडीच सांभाळली. हे आत बसलं होतं ते मले मालूमच नोतं. मंग इतके साल हे माह्या हातून कोनं सांभाळून घेतलं?”

मावशीनं डोळा सालीत सरकवला, पट्टी ओढून बांधली आणि दुसरं रोप पुढं घ्यायला सांगितलं.